दहा, वीस, तीस आणि करकोच्याचा गुडघा

मुलांनो, एका जंगलात एक कारखाना होता. जंगलात कारखाना कसा, असं विचारू नका. कारखाना आधीचाच होता; जंगल त्याच्याभोवती उरलं होतं.

तिथे एक छोटं सीएनसी मिलिंग मशीन होतं. त्यात आकडे भरले की ते आपलं आपण पत्र्याला भोकं पाडायचं. ते चालवायची साळूबाई नावाची साळिंदर. कामाला चोख, बोलायला जरा टोचरी.

एकदा तिच्याकडे करकोचेबुवा आले. त्यांचा एक पाय पारध्याच्या फाशात गुडघ्यापासून तुटला होता.

“धातूचा पाय करून द्याल का, साळूबाई?”

आतून कारखान्याचे साहेब अस्वलराव म्हणाले, “करकोचे नाहीतरी एकाच पायावर उभे असतात. दुसरा हवा कशाला?”

“साहेब, एक दमला की दुसऱ्यावर उभं राहतात. मला आता दमायची सोय नाही.”

अस्वलरावांनी अर्ज मंजूर केला.

वैद्यांनी बुवांच्या उरलेल्या हाडात पाच पिना बसवल्या होत्या. नवा पाय ज्या पट्टीने त्या पिनांवर बसणार होता, ती पाच भोकांची पट्टी साळूबाईने मापाने केली. तीन पिना भोकांत सरळ गेल्या. दोन अडल्या. तिने दुसरी पट्टी केली, तिसरी केली. दर वेळी दोन भोकं केसभर सरकलेली. बुवा चिखलात उभे राहू शकत नव्हते. मासे समोरून जायचे आणि बुवा काठावर बसून बघायचे. मान आणखी लांब दिसू लागली होती.

अस्वलरावांनी तज्ज्ञ म्हणून कोल्हेसाहेबांना बोलावलं. कोल्हेसाहेबांनी पत्रा धरणारं मशीनचं टेबल दहा मिलिमीटर सरकवून मोजलं, चूक शून्य. वीसला शून्य. तीसलाही शून्य. शंभरपर्यंत मोजून त्यांनी अहवाल दिला: मशीन निर्दोष आहे. करकोच्यात दोष आहे. त्याच्या पिना हलवून घ्याव्यात.

“साहेब, त्या हाडात आहेत,” बुवा म्हणाले.

“ते वैद्यांनी बघावं.”

साळूबाईने विचारलं, “मधे मोजलंत का? अकरा, साडेअकरा?”

“मधे कोण मोजतं, बाई? दहाचे आकडे कागदावर शोभतात.”

रविवारी कारखाना बंद होता. साळूबाईने मशीनला डायल, म्हणजे केसभर फरकही काट्याने दाखवणारं मापयंत्र, लावला आणि दर अर्ध्या मिलिमीटरला मोजत बसली. चूक हळूहळू वाढायची, मग उतरायची, आणि बरोबर पाच मिलिमीटरला शून्यावर यायची. पुढच्या पाचात पुन्हा तेच. टेबल सरकवणारा स्क्रू एक फेरा फिरला की टेबल पाच मिलिमीटर पुढे जायचं. म्हणजे त्याच्याबरोबर फिरणारं काहीतरी वाकडं होतं, आणि दहा, वीस, तीसला मोजणाऱ्याला ते जन्मात दिसणार नव्हतं.

तिने झाकण उघडलं. मोटर आणि स्क्रू जोडणारं कपलिंग तिरकं बसलं होतं. तिने ते सैल केलं, सरळ बसवलं, आवळलं. चहा निवायच्या आत काम झालं.

चौथ्या पट्टीत पाचही पिना गेल्या. बुवांनी एक पाऊल टाकलं, मग दुसरं. मग ते नव्या पायावर उभे राहिले आणि जुना पाय पोटाशी घेतला. बराच वेळ त्यांनी तो खाली ठेवला नाही. साळूबाई उगाचच हत्यारं पुसत राहिली.

सोमवारी कोल्हेसाहेबांनी पुन्हा मोजलं. दहा, वीस, तीस.

“आधी शून्य, आता शून्य,” ते म्हणाले. “काहीच बदललेलं नाही. मग विनापरवाना झाकण का उघडलं?”

“पण माझा पाय बसला,” बुवा म्हणाले.

“हे तुमचं वैयक्तिक मत झालं.”

साळूबाईची बदली गोदामात झाली. मशीन सलग दोनदा निर्दोष राखल्याबद्दल कोल्हेसाहेबांचा सत्कार झाला. नारळ द्यायला साळूबाईलाच बोलावलं होतं. तिने तो दिला. बुवा त्या दिवशी आले नाहीत; ते गुडघाभर पाण्यात मासे धरत होते.

तात्पर्य: मुलांनो, मोजमाप नेहमी जिथे चूक नसते तिथेच करावं. जिथे असते तिथे केलं, तर चूक सुधारते आणि मोजणारा गोदामात जातो.