धोबी आला नाही म्हणून

फोटो काढणं ही काही फार मोठी विद्या नव्हे, हे मी साडूंना त्यांच्याच घरी, त्यांच्याच सोफ्यावर बसून सांगितलं. साडू वर्षातून एकदा जंगलात जाऊन वाघाचे फोटो काढतात आणि उरलेलं वर्षभर आम्ही ते बघतो. मी म्हणालो, वाघ काय, एवढं मोठं जनावर कुणालाही दिसेल! रविवारपर्यंत माझ्या परसातल्या पक्ष्याचा असा फोटो दाखवतो, की तुम्ही जंगलात जायचं सोडून द्याल. त्यांनी हसत आपला कॅमेरा आठवडाभर मला दिला. केवढं मोठं मन!

पक्षी मी आधीच हेरला होता. थंडी पडली की आमच्या परसात धोबी येतो. म्हणजे धोबी नावाचा पक्षी. चिमणीएवढा, करडा-पांढरा, नळाजवळच्या ओलीत शेपूट खालीवर हलवत फिरणारा. पण हा गृहस्थ साडेनऊच्या आत उगवत नाही आणि आमचं ऑफिस नऊला सुरू होतं. सोमवारी मी साहेबांना फोन केला, की धोबी अजून आलेला नाही, तो आल्याशिवाय मला निघता येत नाही. खोटं बोलणं माझ्या स्वभावातच नाही. मंगळवारी आणि बुधवारीही मी हेच सत्य सांगितलं. साहेबांचा आवाज रोज थोडा मऊ होत गेला. मला वाटलं, माणूस सुधारतोय.

गुरुवारी मी मागच्या दारात जुनी चादर पांघरून, फक्त लेन्स बाहेर काढून बसलो होतो. त्यामुळे साहेबांचा फोन बायकोने घेतला. माझ्या पायी चार दिवस तिला परसात जायला अख्ख्या घराला वळसा घालावा लागत होता, त्यामुळे ती खुशीत नव्हती.

"धोबी आला का?" साहेबांनी विचारलं.

"आला तरी यांच्या हाती लागत नाही," ती म्हणाली. "चादर गुंडाळून बसलेत सकाळपासून. चार दिवस हेच चाललंय."

तासाभराने धोबी आला. नळापाशी छाती काढून उभा राहिला. मी श्वास रोखला, बटण दाबलं आणि नेमकी त्याच क्षणी पुढच्या दाराची बेल वाजली!

दारात साहेब आणि हेडक्लार्क. मी चादरीसकट समोर गेलो, तशी दोघांनी नजर छताकडे वळवली. साहेबांनी पिशवी पुढे केली. आत दोन कोऱ्या पँट्स होत्या, ऑफिसातल्या सगळ्यांनी मिळून आणलेल्या.

"एकच पँट असली तर त्यात लाजायचं काय?" साहेब हळूच म्हणाले. "आम्हाला आधी सांगायचंत."

मी सांगितलं, की धोबी हा पक्षी आहे. हेडक्लार्कने माझ्या बायकोकडे अतिशय दयेने पाहिलं. शेवटी पुरावा म्हणून मी कॅमेऱ्यातला फोटो साहेबांसमोर धरला.

धोबी उडाला होता. खालच्या कोपऱ्यात शेपटीचं तेवढं टोक, तेही धुरकट. बाकी फोटोभर आमची कपड्यांची दोरी, आणि तिच्यावर बायकोने सकाळीच वाळत घातलेल्या माझ्या पाच पँट्स.

साहेबांनी त्या दोनदा मोजल्या. मग पिशवी उचलून काखेत मारली.

"उद्या नऊला या," ते म्हणाले.

मी मान डोलावली. पण खरं सांगतो, फोकस बघाल तर शिवणीचा टाका न् टाका दिसतो.