सगळ्यात चांगलं ऑइल

भोरच्या एका कॉलेजात मी क्लार्क आहे. आमच्या मोटारसायकलचं ऑइल आजवर धनाजी मेकॅनिक त्याच्या मनाला येईल ते घालायचा. पण मोबाईलवर ऑइलचे व्हिडिओ बघितले आणि माझे डोळे उघडले. या वेळी ऑइल मीच निवडणार आणि मीच बदलणार, असं मी रत्नाला, म्हणजे बायकोला, सांगितलं. तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं. (लग्नाला बरीच वर्षं झाली की बायका बोलायचं काम डोळ्यांवर सोपवतात.)

एसटी स्टँडामागं इंद्रजितचं नवं दुकान आहे. त्याला म्हणालो, "गाडीचं ऑइल द्या. सगळ्यात चांगलं."

"पेट्रोल गाडी?"

"पेट्रोल."

"जाणार कुठं?"

"वेल्ह्याच्या पुढं. मेव्हण्याच्या मुलीचा साखरपुडा आहे."

"म्हणजे चढ आला. एसी लावून चढता?"

प्रश्न जरा विचित्र वाटला. "छे, वारा पुरतो," मी म्हणालो.

"काचा उघड्या ठेवून?"

"हेल्मेटला एकच काच असते. ती उघडीच ठेवतो."

"हेल्मेट घालून चालवता? काळजी घेणारा माणूस दिसताय," तो म्हणाला आणि त्यानं भलामोठा डबा पुढं ठेवला. डब्यावर मोटारीचं चित्र होतं. मला वाटलं, जाहिरात असेल. घरी येऊन मोटारसायकलमध्ये मावेल तेवढं ओतलं.

साखरपुड्याचा मुहूर्त दुपारचा होता आणि नवरदेवाची अंगठी आमच्याकडं. भोरच्या सोनाराकडून आणून ती रत्नानं पर्समध्ये घट्ट धरली होती. सपाटीला गाडी बरी चालली. चढ लागला तसा मी जोर दिला. इंजिन गरजलं. गाडीनं मात्र ते मनावर घेतलं नाही.

(मोटारसायकलचा क्लच इंजिनाच्याच ऑइलात बुडालेला असतो, मोटारीच्या ऑइलानं तो निसरडा होऊन पकड सोडतो, ही माहिती मला नंतर मिळाली. तेव्हा मी रत्नाला "ऑइल मुरतंय" असं सांगितलं.)

मागून गवताचा भारा डोक्यावर घेतलेली एक म्हातारी आली आणि आमच्या शेजारून चालू लागली. नाव सगुणाबाई.

"पाव्हणं, हितं का थांबला?"

"थांबलो नाही आजी, चाललोय."

तिनं वाकून चाकाकडं बघितलं. "व्हय की. हलतंया जरा."

मग आम्ही बराच वेळ बरोबरीनं गेलो. मधूनच ती पुढं जायची आणि आमच्यासाठी थांबायची. आम्हाला असं एकटं टाकून जाणं तिला बरं वाटेना.

"तुमी जावा पुढं," रत्ना तिला म्हणाली.

"न्हाई बाय. ह्यो आवाज लई वंगाळ हाय. कायतरी व्हायाचं."

शेवटी रत्ना म्हणाली, "अहो, मी उतरते."

"उतरलीस तर उशीर होईल."

"बसून राहिले तर साखरपुडा मोडेल," ती म्हणाली आणि उतरली. दोघी भाताच्या पिकावर बोलत वळणापलीकडं दिसेनाशा झाल्या. बायको उतरल्यामुळं वजन कमी झालं, आता वेग येईल, असं मला वाटलं. वाढला तो आवाज. मीही हट्टाला पेटलो. धुराचा वास येऊन इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत मी मुठीचा पीळ सोडला नाही.

गाडी ढकलत मांडवात पोचलो तेव्हा अंगठी कधीच बोटात गेली होती आणि पंगत बसली होती. रत्नाचे कोंडिबा मामा लगबगीनं पुढं आले. अंगभर घाम आणि धूर घेऊन मी काय सांगावं याची जुळवाजुळव करत होतो.

"या जावईबापू," मामा म्हणाले. "तुमी उशिरा आला ते बरं झालं बगा. डोंगराव कुणीतरी जनरेटर लावला व्हता. भटजींचा एक शब्द ऐकू आला न्हाई. मगाशी येकदाचा बंद पडला. कुणाचा व्हता, वाटंत दिसला का?"

मी घसा खाकरला. तेवढ्यात पंगतीत भात कालवत असलेली रत्ना मान वर न करता म्हणाली,

"माझाच हाय, मामा."