सर्जेराव अण्णांची मूल्यं

आमच्या छावणीत चहा सुखासुखी मिळत नसे. कप हातात द्यायच्या आधी सर्जेराव अण्णा म्हणत, “मूल्य सांग.” नुसतं ‘सचोटी’ म्हटलं तर अर्धा कप, उदाहरण दिलं तर पूर्ण. वॉचमन बाबूला उदाहरण सुचेपर्यंत चहावर साय धरायची.

अण्णा आमच्या सोसायटीचे सचिव. दुष्काळात सोसायटीनं पाटोद्याजवळच्या माळावर गुरांची छावणी घातली, त्याच्या आधीच ते शहरात कसल्याशा प्रशिक्षणाला गेलते. जाताना माणूस बरा होता. येताना ‘संस्थेची मूल्यं’ घेऊन आला. आम्हाला चाऱ्याचा घोर, यांना मूल्यांचा.

त्यात लाडकं मूल्य ‘सभासद आधी’. चारा आधी गावच्या सभासदांच्या जनावरांना, मग आम्हा कामगारांच्या, आणि सगळ्यात मागं सचिवाच्या. अण्णांची एकुलती एक गाय, कपिली, शेवटच्या खुंट्याला.

मी म्हटलं, “अण्णा, कावून तिला तिकडं टाकली? जरा अलीकडं बांधा की.”

“नियम काय भिंतीवर लिवायला असतो व्हय रं?”

मग एकदा चाऱ्याचा, म्हणजे उसाच्या वाढ्याचा, हिरव्या शेंड्यांचा ट्रक येईनासा झाला. आमचे डोळे रस्त्याला लागलेले. धूळ उडाली की जीवात जीव यायचा आणि धुळीतून एसटी निघायची. त्यात कपिली सकाळपासून बसलेली, आणि दुष्काळात बसलेलं जनावर पुन्हा उठेल याचा भरवसा नसतो.

दुपारी ट्रक आला, तोही अर्धा. दुसऱ्या छावण्यांत अशा वेळी डोकी फुटत होती. आमच्याकडं कुणी हूं की चूं केलं नाही. सचिवाची गाय कुठं बांधलीय हे सगळ्यांना दिसत होतं. माझ्या बैलांना कशीबशी एक मोळी मिळाली आणि कपिलीची पाळी यायच्या आत ट्रक रिकामा झाला.

“वाटप बरोबर झालं,” म्हणून अण्णा चालू लागले.

मला संताप आला. जळली मेली ती मूल्यं! चार शब्द सुनवावेत म्हणून मागोमाग गेलो. अण्णा गाईपुढं उकिडवे बसून आपल्या डब्यातली भाकरी तिला भरवत होते. “ऊठ माय, ऊठ.”

मला बघून कसंनुसं हसले. “बायको गेल्यापास्नं घरात हिच्यासंगंच बोलतो. माझं पाऊल वाजलं की हंबरती. दुसरं कोन हाय माझी वाट बघनारं?”

मी परत फिरलो, बैलांपुढची अर्धी मोळी उचलून आणली आणि तिच्यापुढं टाकली.

“माघारी ने ते,” अण्णा ओरडले आणि वाढं धरून ओढू लागले. दुसरं टोक कपिलीच्या तोंडात. ती काही सोडेना. त्या ओढाओढीत ती मागच्या पायांवर आली, थरथरली, आणि उभी राहिली.

अण्णांनी हात सोडला. तिच्या मानेवर डोकं टेकून ते रडत होते. जरा वेळानं म्हणाले, “खाऊ दे. ती कुटं संस्थेच्या नोकरीत हाय.”