जबडा सैल सोडा

चष्मेवाल्यांच्या माउथ ऑर्गनमधून सूर बरोबर निघत, पण टोन निघत नसे. म्हणजे नक्की काय निघत नसे, हे त्यांच्या बायकोला कधीच कळलं नव्हतं. तिच्या मते जे निघत होतं तेच पुष्कळ होतं.

पण प्रश्न आता बँडमधल्या जागेचा होता. बँड गावातल्या एका दंतवैद्यांचा. ते गिटार वाजवत आणि गात, गॅरेजवाला ड्रम बडवायचा, आणि दर रविवारी सकाळी गॅरेजात, एखाद्या उघड्या पडलेल्या गाडीशेजारी, ब्लूज चाले. ब्लूज म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर दंतवैद्य सांगत की माणसाने आपलं रडगाणं तालात, चारचौघांत, लाज न बाळगता सांगायचं, बस. बँडचा जुना माउथ ऑर्गनवाला मुलीकडे कायमचा राहायला गेला होता. त्याची जागा मिळावी म्हणून चष्मेवाले झुरत होते. पुढच्या महिन्यात वाचनालयाच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता, आणि त्यांचं वादन ऐकून दंतवैद्यांनी कवळी बसवताना बोलतात तशा मऊ आवाजात निकाल दिला होता.

"सूर ठीक आहेत. पण टोन खेळण्यातल्या पिपाणीचा आहे. कार्यक्रमापर्यंत टोन आणा, नाहीतर आपण माउथ ऑर्गनशिवायच वाजवू."

दुसऱ्या कोणाला घेऊ म्हणाले असते तरी चाललं असतं. तुमच्यापेक्षा कोणी नसलेलं बरं, हे चष्मेवाल्यांच्या जिव्हारी लागलं.

त्यांचा सगळा जन्म चष्म्याच्या दुकानात, भिंगं बदलण्यात गेलेला. दिसत नसेल तर भिंग बदला, हा त्यांचा धर्म. तेव्हा टोन नसेल तर बाजा बदला, हे ओघानेच आलं. लाकडी अंगाचा आणला, पितळी पट्ट्यांचा आणला, मग माइक आणला आणि मग त्या माइकला शोभेल असा अॅम्प्लिफायर. रोज संध्याकाळी ते बायकोला खुर्चीवर बसवत आणि दुकानातल्याच आवाजात विचारत.

"नीट ऐक हं. हा बरा... की हा?"

"सारखेच."

"घाई नको. पुन्हा ऐक. हा... की हा?"

"दुसरा," ती म्हणे आणि उठून जाई. दुकानातली गिऱ्हाइकंही शेवटी असंच करत.

तिला आपण बाई म्हणू, कारण दिवसभर लोक तिला तेच म्हणत. बाई पाणीखात्यात तक्रारींच्या फोनवर कामाला होत्या. सकाळपासून माणसं त्यांच्या कानात ओरडत, आणि त्या सपाट, संथ, खालच्या पट्टीत "नोंद घेतली" म्हणत. घरी आल्यावर कपड्यांच्या घड्या घालताना त्याच आवाजात त्या दिवसभराच्या तक्रारी नवऱ्याला ऐकवत. नवरा एक-दोन तक्रारींतच पेंगायला लागे. हे इतकी वर्षं चाललं होतं की दोघांनाही त्यात काही गैर वाटत नव्हतं.

बाजे बदलून भागेना तेव्हा दंतवैद्यांनी चष्मेवाल्यांना समोर बसवून समजावलं. टोन बाज्यात नसतो, माइकमध्ये तर नसतोच. तो पोटात, घशात आणि तोंडाच्या पोकळीत असतो. ब्लूजमध्ये फुंकायचं कमी आणि श्वास आत ओढायचा जास्त. घसा मोकळा, जीभ खाली, ओठ बाज्याभोवती घट्ट मिटलेले. "आणि जबडा सैल सोडा," ते म्हणाले. हे वाक्य ते दवाखान्यात दिवसभर म्हणत, आणि गिऱ्हाईक खुर्चीच्या हाताला धरून जबडा आवळत असे. चष्मेवाल्यांनी तेच केलं. सैल सोडण्यासाठी ते इतका जोर लावू लागले की त्यांचे खांदे कानांना भिडत आणि भुवया टकलापर्यंत जात.

एका सुट्टीच्या दुपारी ते आरामखुर्चीत बसून सैल सोडण्याचा आटापिटा करत होते. बाई शेजारी घड्या घालत आठवड्याच्या तक्रारी सांगत होत्या. तळमजल्याला पाणी आहे पण वरच्या मजल्याला नाही, इथवर त्या आल्या आणि थांबल्या. खोलीत काहीतरी वाजत होतं. जाड, ओलसर, पार तळातून वर येणारा आवाज. हातातला टॉवेल तसाच राहिला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या वाद्यावर आपण डोळ्यांतलं पाणी खर्च करतोय, याचा त्यांना रागही आला.

चष्मेवाले गाढ झोपले होते. बाजा ओठांत तसाच होता आणि ते त्यातून घोरत होते. घोरताना माणूस श्वास आत ओढतो, पोटातून ओढतो, आणि त्याचा जबडा कोणी न सांगता सैल असतो.

बाईंनी फोनवर ते रेकॉर्ड केलं. मध्यंतरी अक्कलदाढ काढली होती, त्यामुळे दंतवैद्यांचा नंबर होता. 'यांचा टोन' एवढंच लिहून त्यांनी ते पाठवून दिलं. चष्मेवाले जागे झाले तोवर बँडमधली जागा त्यांची झालेली होती. त्यांनी रेकॉर्डिंग डोळे मिटून ऐकलं आणि मान डोलावली.

"आज जरा हात बसला होता," ते म्हणाले.

"अहो, तुम्ही झोपला होतात."

"तल्लीन होतो. तुला त्यातला फरक कळायचा नाही."

रविवारी गॅरेजात पिपाणी वाजली. दंतवैद्यांनी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं, पुन्हा चष्मेवाल्यांकडे पाहिलं, आणि फसवणुकीचा संशय येऊन सरळ बाईंना फोन लावला. बाईंनी खरं ते सांगितलं. चष्मेवाल्यांचं तोंड पडलं. पण दंतवैद्य व्यवहारी गृहस्थ. माणूस झोपेत वाजवत असेल तर त्याला झोपवू, असं त्यांनी ठरवलं. चष्मेवाल्यांना दुरुस्तीला आलेल्या गाडीच्या मागच्या सीटवर आडवं केलं. गॅरेजवाल्याने पंखा लावला. झोप येईना. दंतवैद्यांनी इंजेक्शनचा विषय काढला, तो बाईंनी फोनवरूनच मोडून काढला. शेवटी त्या स्वतः आल्या, ऑइलच्या रिकाम्या डब्यावर बसल्या आणि तक्रारी सांगू लागल्या. तिसऱ्या तक्रारीला चष्मेवाले झोपले आणि गॅरेज त्या आवाजाने भरून गेलं.

अडचण एवढीच होती की गाणं संपल्यावरही ते थांबत नसत. त्यासाठी गॅरेजवाल्याने ड्रमच्या काडीने बरगडीत ढोसायचं ठरलं.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. बाईंनी पडद्याआड बसायचं असा बेत होता, पण वाचनालयाला पडदाच नव्हता. मग त्या सरळ रंगमंचावर नवऱ्याशेजारी खुर्ची टाकून बसल्या, आणि लोकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. वावगं होतं ते चष्मेवाल्यांच्या चेहऱ्यावर. समोर आपलीच गिऱ्हाइकं आपलेच चष्मे लावून आपल्याकडे पाहतायत, या विचाराने त्यांचे डोळे टक्क उघडे होते. झोप गावातही नव्हती. गाणं सुरू झालं आणि त्यांनी पिपाणी वाजवली. दंतवैद्य गाताना अडखळले. पहिल्या रांगेतला म्हातारा खोकला, आणि त्याचा खोकला बाज्यापेक्षा भरदार होता.

चष्मेवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. बुडणारा माणूस काठाकडे पाहतो तसं. बाई त्यांच्या कानाशी वाकल्या. तिथेच माइक होता, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

"बाई, सकाळपासून नळाला पाणी नाही," त्या सपाट आवाजात म्हणाल्या, आणि ती तक्रार सगळ्या हॉलमध्ये घुमली.

तक्रार करणारा माणूस पहिलं वाक्य नेहमी दोनदा सांगतो, कारण पहिल्यांदा कोणी ऐकलं असेल यावर त्याचा विश्वास नसतो. बाईंनीही जसं ऐकलं होतं तसंच सांगितलं.

"ऐकताय ना बाई, सकाळपासून नळाला पाणी नाही. आणि आत्ता आलंय, तर मी कामावर आलोय."

दंतवैद्यांनी गाणं सोडून दिलं. गिटार मात्र सोडली नाही. गॅरेजवाल्याने ठेका धरला.

"तुमचा माणूस आला होता. बाई, तुमचा माणूस आला होता. पाना आणायला म्हणून गेला, तो अजून पानाच आणतोय."

"आमच्याकडचाही," मागून कोणीतरी म्हणालं.

चष्मेवाले झोपले नाहीत. पण त्यांच्या शरीराला वर्षानुवर्षांची सवय होती. तो आवाज कानावर पडताच खांदे खाली आले, पोट सुटलं, जबडा लोंबला. त्यांनी श्वास ओढला आणि तो टोन निघाला. जाड, ओलसर, तळातून आलेला. या वेळी तो त्यांनी स्वतः, जागेपणी ऐकला. बाई एक तक्रार सांगत आणि ते तिला उत्तर देत. इतक्या वर्षांत बायकोचं बोलणं त्यांनी पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं. त्यांना इतका आनंद झाला की झोप आलीच नाही, आणि काडीने ढोसायची वेळही आली नाही.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. दंतवैद्य हात पुढे करून चष्मेवाल्यांच्या दिशेने आले. चष्मेवाल्यांनीही हात पुढे केला. दंतवैद्य त्यांच्या शेजारून पुढे गेले आणि बाईंचा हात हातात घेऊन म्हणाले, "इतके दिवस तुम्ही होतात कुठे?"

चष्मेवाल्यांची जागा पक्की झाली. बाई येणार असतील तर तेही चालतील, असं बँडने एकमताने ठरवलं. पुढच्या कार्यक्रमाच्या फलकावर मधोमध बाईंचा फोटो होता आणि कोपऱ्यात, वाचायला चष्मा लागेल अशा अक्षरांत, माउथ ऑर्गनची साथ कोणाची ते छापलं होतं.

फलक लागला त्या संध्याकाळी चष्मेवाले दुकानातून आले तेव्हा बाई दोन माइक घेऊन वाट पाहत होत्या. त्यांनी नवऱ्याला खुर्चीवर बसवलं, एका माइकवर पाण्याची तक्रार सांगितली, मग तीच दुसऱ्यावर.

"हा बरा... की हा?"

"सारखेच," चष्मेवाले म्हणाले.

"घाई नको. नीट ऐका. हा... की हा?"

"दुसरा," ते म्हणाले आणि चहा टाकायला उठले.