फोटो सुकतोय

पास्कलकाकांच्या मते मी उलटा जास्त बरा दिसतो. हे त्यांनी पहिल्याच भेटीत मला तोंडावर सांगितलं. त्यांचा तरी काय दोष म्हणा! त्यांच्या जुन्या लाकडी कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत माणूस डोकं खाली, पाय वर असाच दिसतो, आणि काकांनी उभा जन्म आमच्या पापडी गावची माणसं त्या काचेतच पाहिलेली. "सरळ मानूस फसवतो," ते म्हणत. "उलटा केला की खरा कळतो."

त्या कॅमेऱ्याचे लाड तर विचारूच नका. पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते म्हणून तो कपाटात, शेजारी झिरोचा बल्ब लावून. काका स्वतः ओलसर चादरीत शिंकत पडलेले. रविवारी चर्चमधून आले की आधी लाकडाला जवसाचं तेल. मग खोलीत अंधार करून कॅमेऱ्याच्या घडीघडीच्या चामडी भात्यात बल्ब सोडायचा आणि उजेड कुठून झिरपतो ते शोधायचं. टाचणीएवढं भोक सापडलं तरी छत्रीच्या काळ्या कापडाचं ठिगळ. काकांच्या शर्टाला मात्र बटणं दोनच.

एवढं झालं की रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही पकडून अंगणात बसवत, काळ्या कापडाखाली शिरत आणि तासभर त्याला हनुवटी वर-खाली करायला लावत. फोटो कधी मिळेल विचारलं की म्हणत, "सुकतोय."

माझी आईही बसली. कोकणातून कायमची आमच्याकडे आलेली. तिचा एकटीचा असा फोटो आयुष्यात नव्हता. तिने भिंतीत खिळासुद्धा ठोकून घेतला. तीन महिने रोज विचारी, आला का फोटो? शेवटी माझं डोकं फिरलं. एका रविवारी जाब विचारायला गेलो, तर काकांनी हातात फडकं दिलं आणि फिल्म घालायच्या लाकडी चौकटी पुसायला बसवलं. एक चौकट हातातच उघडली. आत फिल्म नव्हती. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्या रिकाम्या.

काका भात्याला ठिगळ लावत राहिले. या मापाची फिल्म मिळायची बंद होऊन दोन वर्षं झाली, म्हणाले. काकू गेल्या, मुलगा दुबईत.

"नुसतं या, बसा म्हटलं तर कोन बसतो? फोटो काढतो म्हटलं की मानूस तासभर बसतो."

माझा राग कुठल्या कुठे गेला. लाज वाटली. समोरच्या बिल्डिंगमध्ये राहून मी त्यांच्याकडे कधी विनाकारण बसलो नव्हतो.

घरी येऊन आईला सगळं खरं सांगितलं. वाटलं, चिडेल. ती तांदूळ निवडत होती. ताट बाजूला ठेवून तिने एवढंच विचारलं, "मग येत्या रविवारी कुठलं लुगडं नेसू?"