सोन्याच्या डोक्याची माशी

"ट्राउट पकडायचा तर आधी ट्राउटसारखा विचार करायला लागतो," प्रसाद डायनिंग टेबलावर पिसं आणि दोरे पसरून सांगत होता. अल् खुवैरच्या त्या फ्लॅटमध्ये देविका हातात ताटं घेऊन टेबल रिकामं व्हायची वाट बघत होती.

ओमानात ट्राउट कुठला, तो थंड नद्यांतला मासा! पण पुढच्या महिन्यात मनालीला देविकाच्या दादाकडे जायचं होतं. गेल्या वर्षी प्रसाद नदीवरून रिकाम्या हाताने परतला, तेव्हा दादा सगळ्यांसमोर म्हणाला होता, "प्रसादरावांना मासळीबाजार दाखवा रे!" यंदा एक तरी ट्राउट लागला नाही, तर प्रसादचं नाक कापलं जाणार होतं.

म्हणून ही निम्फ. गळावर पिसं-दोरे गुंडाळून केलेली खोटी माशी, पाण्यातल्या अळीची नक्कल. मासा काय खातोय ते कळत नसेल, तेव्हा तळ चाचपायला टाकायची. कुठल्याच एका किड्यासारखी नाही, पण सगळ्यांसारखी थोडी थोडी.

"म्हणजे तुझ्या ऑफिसचं प्रेझेंटेशन," देविका म्हणाली.

ती बुडावी म्हणून डोक्याशी पितळी मणी लागतो. प्रसादकडचे संपले होते, पण टेबलावरच्या वाटीत नेमके तसेच दिसले. त्यातला एक त्याने ओवला. देवच पावला!

शुक्रवारी ते सरावासाठी वादीत, डोंगरातल्या ओढ्यावर गेले. उघड्याबोडक्या डोंगरांच्या कुशीत एवढं हिरवं, नितळ पाणी बघून प्रसाद बोलायचाच थांबला. देविकाने पाय पाण्यात सोडले, तर बोटभर मासे येऊन तिच्या टाचा टोचू लागले. प्रसादच्या निम्फकडे एकही फिरकेना.

"परत जाताना रुवीत सोनाराकडे थांबू," पर्समधली पुडी उघडत देविका म्हणाली. "मंगळसूत्र तुटलंय, ओवून घेते. अरे, एक मणी कमी कसा? वाटीत सगळे होते."

प्रसादने पाण्यात गेलेल्या दोरीकडे बघितलं.

"कुठली वाटी?"

"टेबलावरची."

तेवढ्यात दोरी ताणली गेली. खडकाखालून तपकिरी झळाळत मासा उसळला, आणि त्याच्या ओठाशी सोनं चमकलं. केसासारखा दोरा, त्याला देविकाचा मणी! दोरा तुटला तर खलास. प्रसाद श्वास रोखून, गुडघाभर पाण्यात, लेकराला झोपेतून उचलावं तसा त्याला जवळ आणत राहिला. एवढ्याशा जिवात एवढी ताकद! प्रसादचे डोळे भरून आले.

मासा वीतभरही नव्हता. गळ अलगद सोडवून त्याने त्याला पाण्यात सोडलं आणि निम्फ देविकापुढे धरली.

"चुकलं माझं. पितळ वाटलं गं."

देविका मणी निरखत राहिली. मग वाकून मासा गेला त्या काळोख्या खडकाखाली बघितलं.

"पितळेवर कधी मासा लागला होता?"

"नाही."

तिने निम्फ त्याच्याच हातात ठेवली.

"मग सोनाराकडे मनालीहून आल्यावर जाऊ. आधी दादाच्या नाकासमोर ट्राउट काढायचा."

आणि उरलेल्या मण्यांची पुडी तिने त्याच्या खिशात कोंबली.