दोन बाणांची नागुबाई

पूर्णिमाचं लग्न झालं त्या साली, उन्हाळ्यात, गुंजीच्या मालुबाईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन बेळगावात झालं. गुडघा बरा झाला, पण तिची धाकटी जाऊ नागुबाई, म्हणजे पूर्णिमाची आई, त्या दिवसापासून आजारी पडली.

कारण मालुबाईचं तोंड. "हातात कागूद घिऊन शिष्टर हुबी ऱ्हायली. डाक्टर, भूल देणारा, समदी गप. आन मग मोठ्यानं माजं नाव घेतलं, मालुबाई! पाय कुठला, उजवा! मांडीवर बाण काढलता, ह्यो बघ." बाण कधीच पुसला होता, तरी ती लुगडं वर करून दाखवायची.

भलत्याच माणसाचा भलताच पाय कापला जाऊ नये म्हणून ही विचारपूस असते, असं नागुबाईच्या मुलानं, नागेंद्रनं, तिला समजावलं. तिचं दुखणं वेगळं होतं. लग्न होऊन आल्यापासून तिला कुणी नावानं हाक मारली नव्हती. आधी धाकटी, मग नागेंद्रची आई. आणि थोरल्या जावेचं, आक्काचं, नाव मात्र डॉक्टर उभं राहून घेतात!

गुडघा तिचाही कुरकुरत होताच, डावा. पूर्णिमाचं लग्न उरकलं आणि नागुबाई त्याच दवाखान्यात दाखल झाली. संध्याकाळी निपाणीचे डॉक्टर यशपाल आले. नाव विचारून त्यांनी डाव्या मांडीवर शाईनं बाण काढला.

"एवढासाच?"

"पुरतो की, आज्जी."

"आक्काचा केवढा व्हता?"

"सगळ्यांचा एवढाच असतो."

नागुबाईला ते पटलं नाही. लग्नातला उरलेला मेंदीचा कोन तिनं पिशवीत आणला होता. आक्काला एक बाण, तर आपल्याला दोन.

सकाळी तिला आत नेलं. भूल द्यायच्या आधी सिस्टर रचना कागद घेऊन उभी राहिली.

"नाव?"

"नागुबाई!"

"पाय कुठला?"

"डावा."

रचनानं चादर सरकवली. डाव्या मांडीवर शाईचा बाण होता. उजव्या मांडीवर मेंदीचा, त्याच्या दुप्पट, टोकाला कोयरी आणि भोवती वेलबुट्टी.

"थांबा!" रचना म्हणाली. सगळे थांबले. नागुबाईला ते फार आवडलं.

"आज्जी, ह्यो कुणी काढला?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमच्यात रीत हाय."

बाहेरून नागेंद्रला बोलावलं. "असली रीत आमच्यात कवाच न्हवती," तो म्हणाला.

"मग आज्जी, खरं दुखतंय कुठलं?"

आता लाज कशी झाकायची? नागुबाई म्हणाली, "दोन्ही."

डॉक्टरांनी हातमोजे काढले. "दोन खुणा, दोन उत्तरं. आज सुरी उचलायची नाही. दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे फोटो परत काढा. मेंदी उतरली की या."

घरी मालुबाई दारातच बसली होती. "तशीच परत आलीस व्हय गं? माजं एका खेपंत झालं, बाई."

"तुजं नाव एका खोलीत घेतलं, आक्का. माजं साऱ्या दवाखान्यात! फोटोवाला तर कन्नडात वरडला, 'नागुबाई यारू?', नागुबाई कोन म्हणून."

त्या दिवशी मालुबाई जेवली नाही.

मेंदी उतरल्यावर ऑपरेशन झालं, डाव्याच गुडघ्याचं. त्यानंतर दोघी जावा कट्ट्यावर पाय लांब करून बसायच्या आणि कुणाचं नाव जास्त जणांनी घेतलं यावर भांडायच्या.

पुढच्या वर्षी एका सकाळी मात्र कट्ट्यासमोर तिरडी बांधली गेली. खांदेकरी वाकले. कुणीतरी म्हणालं, "उचला रं म्हातारीला."

"थांबा!" काठी टेकत नागुबाई पुढं आली. "आदी नाव घ्या."

"कुणाचं, काकू?"

"हिचं. समद्यांनी. मोठ्यानं."

माणसं सरळ उभी राहिली. एकमेकांकडं बघत एकेकानं नाव घेतलं. किती जणांनी घेतलं ते नागुबाईनं या खेपेला मोजलं नाही.

"उजवा गुडघा," ती हळूच म्हणाली. "आता उचला."

मालुबाई वारली तो दसऱ्याच्या आधीचा मंगळवार होता.